लॅटिन प्रणयकाव्यांतील आमोर : नाम कीं देवता?

लॅटिन प्रणयकाव्याच्या दोन निरनिराळ्या छापील प्रती शेजारीं ठेवून वाचूं लागलें म्हणजे एक लहानशी परंतु विचार करावयास लावणारी गोष्ट नजरेस येते. 'आमोर' म्हणजे प्रेम. हा शब्द एकाच ओळींत, एका प्रतींत मोठ्या आद्याक्षरानें छापलेला असतो व दुसरींत लहान आद्याक्षरानें. मोठें अक्षर असलें म्हणजे वाचकानें पंख असलेला, धनुष्यबाण घेतलेला देव समजावा. लहान असलें म्हणजे माणसाच्या मनांतील एक विकार समजावा, असा आधुनिक यूरोपीय मुद्रणाचा संकेत आहे. हा निर्णय संपादक विचारपूर्वक करितात यांत शंका नाहीं. परंतु तो कवीचा निर्णय नव्हे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन लेखक विशेषनामासाठीं एक व सामान्यनामासाठीं दुसरें अशीं अक्षरें वापरीत नसत. दक्षिण इजिप्तमध्यें कास्र इब्रिम येथें १९७८ सालीं गाल्लुस या कवीच्या कांहीं ओळी असलेला पपायरसाचा तुकडा सांपडला व पुढील वर्षीं तो प्रसिद्ध झाला. लॅटिन काव्याच्या अत्यंत जुन्या हस्तलिखितांत त्याची गणना होते. त्यांतही नामांची अशी वाटणी नाहीं.

आपणां देवनागरी वाचणारांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या लिपींत हा भेद कधींच नव्हता. मोडी कागद वाचणारास तर शब्द कोठें संपतो हेंही स्वतःच ठरवावें लागतें. 'घरीं लक्ष्मी आली' असें म्हणणारा मनुष्य पैशाविषयीं बोलतो, सुनेविषयीं बोलतो कीं विष्णुपत्नीविषयीं, हें प्रसंगावरून कळतें, आणि पुष्कळदां तिन्ही अर्थ एकदमच मनांत असतात. देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. तत्पूर्वीं 'मुलाला देवी आल्या' असें सांगणाऱ्या बाईस, 'बाई, रोग आला कीं देवता आली?' असें कोणीं विचारलें असतें तर तिला तो प्रश्नच कळला नसता. अशा भाषेंत वाढलेल्या माणसास लॅटिन आमोर थोडा घरचा वाटावा, यांत वावगें कांहीं नाहीं.

निर्जीवावर किंवा भाववाचक नामावर सजीवाचे धर्म लादले म्हणजे चेतनगुणोक्ति अलंकार होतो, असें आम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें मुलांस शिकविलें. तें लक्षण येथें पुरत नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. अलंकार म्हटला म्हणजे तो उतरवून ठेवतां येतो. आमोर उतरवून ठेविला तर या कवितांचें वाक्यच मोडतें, कारण तो त्या वाक्याचा कर्ता आहे. पाणिनीनें कर्त्याचें लक्षण स्वातंत्र्य हें सांगितलें आहे. क्रियेच्या बाबतींत जो दुसऱ्याच्या ताब्यांत नाहीं तो कर्ता. मग 'मी प्रेम केलें' आणि 'प्रेमानें मला धरलें' या दोन वाक्यांपैकीं खरें कोणतें? केलेल्या कृत्याचा जाब कोणीं द्यावयाचा? हा प्रश्न रोमन कवींनीं विनोदानें विचारला, दुःखानें विचारला, आणि एका कवीनें तर तो स्वतःच्या जिवावर बेतल्यावर विचारला. तो कसकसा विचारला गेला, तें पाहणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आधीं नांवांविषयीं थोडेंसें. या देवास लॅटिनमध्यें दोन नांवें आहेत, आमोर व कुपीदो. दुसरें नांव इंग्रजीच्या द्वारें 'क्यूपिड' या रूपानें आपल्या परिचयाचें आहे. कुपीदो हा शब्द 'इच्छिणें' या अर्थाच्या धातूपासून झाला असून त्या धातूचा संबंध व्युत्पत्तिकार संस्कृत 'कुप्' याशीं जोडतात. आपल्याकडे तो क्षोभ रागाच्या रूपानें प्रकट झाला, तिकडे अभिलाषाच्या. सामान्यनाम म्हणून कुपीदो बहुधा स्त्रीलिंगी, देवाचें नांव म्हणून मात्र पुल्लिंगी. त्याची माता वेनुस, म्हणजे व्हीनस, हिच्या नांवाची हकीकत याहूनही मनोरंजक आहे. तो शब्द मुळांत नपुंसकलिंगी सकारान्त, वैदिक 'वनस्' या शब्दाचा सख्खा भाऊ. अर्थ रमणीयता, अभिलाष. एक नपुंसकलिंगी भाववाचक नाम रोममध्यें स्त्री झालें, देवी झालें, आणि ग्रीकांच्या आफ्रोदीतेशीं त्या देवीचें एकीकरण झाल्यावर तिला पुत्रही लाभला. अशा देवतांचें रोमन लोकांस वावडें नव्हतें. फीदेस म्हणजे विश्वास, स्पेस म्हणजे आशा, कोंकोर्दिया म्हणजे ऐक्य, मेन्स म्हणजे बुद्धि, या सर्वांचीं देवळें रोम नगरांत होतीं. त्यांतील मेन्स या देवीचें देऊळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें तिचें काम पडणार आहे.

पुत्राचें रूप ग्रीकांकडून आलें. हेसिओदाच्या काव्यांत एरोस हा विश्वाच्या आरंभींच्या मूळ तत्त्वांपैकीं एक आहे, आणि तेथें ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील सृष्ट्युत्पत्तीच्या सूक्तांतला काम कोणासही आठवेल. परंतु ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील अपोलोनियुसाच्या काव्यांत तोच एरोस हाडांच्या फाशांनीं खेळून सोबत्यास नागविणारा द्वाड पोर झालेला आहे, व आई त्यास सुंदर चेंडूचें आमिष दाखवून कामास लावते. हेंच पोर रोमन कवींच्या हातीं आलें. आपला मदन तरुण आहे. त्यास रति ही पत्नी आणि वसंत हा सखा आहे. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत त्याचा देह जळतो व तो अनंग होतो. म्हणजे आपल्याकडे देह गेला व नांव राहिलें. लॅटिनमध्यें नांवास देह फुटला. म्हणून या दोघांची तुलना बेतानेंच करावी. फुलांचे पांच बाण व उसाचें धनुष्य शोधीत लॅटिन काव्यांत शिरणारा वाचक रिकाम्या हातानें परत येईल. आमोराचे बाण आंकडेदार आहेत, शिवाय त्याच्या हातांत जळती मशाल असते. त्याच्या डोळ्यांवर पट्टी मात्र नसते. ती मध्ययुगांतील चित्रकारांनीं मागाहून बांधली.

जाब कोणाचा, हा प्रश्न प्रणयकाव्याच्याही आधीं रंगभूमीवर आलेला आढळतो. प्लाउतुस हा नाटककार ख्रि. पू. १८४ मध्यें वारला. सोन्याच्या हंड्यावरून नांव पडलेल्या त्याच्या एका नाटकांत एका तरुणाकडून एका मुलीवर अतिप्रसंग झालेला असतो. तो तिच्या कृपण बापापुढें येऊन म्हणतो, कीं देवानें मला त्या कृत्यास लोटलें. दारू आणि प्रेम यांच्या दोषानें तें घडलें. म्हातारा लोभी खरा, पण न्याय जाणतो. त्याचें उत्तर असें, कीं ही सबब चालूं लागली तर दिवसाढवळ्या बायकांच्या अंगावरचें सोनें ओरबाडावें आणि पकडले गेल्यावर 'प्रेमामुळें धुंद होतों' असें सांगून सुटावें. दारू व प्रेम हीं मग फारच स्वस्त झालीं! प्रेक्षक हंसले असतील. तरी पुढील दोनशें वर्षांच्या काव्याचा वाद या एका संवादांत आलेला आहे.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या मध्यास लुक्रेतियुस या तत्त्वज्ञ कवीनें या वादास शास्त्रीय वळण दिलें. त्याच्या ग्रंथाचा आरंभ वेनुसच्या भव्य स्तवनानें होतो, आणि चौथ्या प्रकरणाच्या अखेरीस तोच कवि शरीरांतील रसांचा क्षोभ वर्णून सांगतो, कीं आपली वेनुस ती हीच. मधल्या एका ठिकाणीं त्यानें नियमही घालून दिला आहे: समुद्रास नेप्तुन म्हणावें, धान्यास केरेस म्हणावें, हरकत नाहीं, मात्र त्या नांवानें मन भ्रष्ट होऊं देऊं नये. नांवाची मुभा, भक्तीची मनाई. नियम चोख आहे. पण इतक्या चोख नियमानें जगणें प्रेमी माणसास साधत नाहीं.

त्याच्याच काळचा कातुल्लुस पाहा. हा ऐन तारुण्यांत वारला. सुखाच्या प्रसंगीं त्याला देव दिसतो. दोन प्रेमी जीव परस्परांस वचनें देतात तेव्हां आमोर डावीकडे व उजवीकडे शिंकून संमति देतो (रोमन लोकांत शिंक ही शुभही असे, हें आपल्याकडील वाचकानें विसरूं नये). प्रियतमा उंबरठ्यावर पाऊल ठेविते तेव्हां केशरी अंगरखा घातलेला गोरापान कुपीदो तिच्याभोंवतीं इकडून तिकडे धांवत असतो. परंतु प्रियतमेच्या बेइमानीनें पोळल्यावर तोच कवि जेव्हां देवांपाशीं सुटका मागतो, तेव्हां त्या प्रार्थनेंत हा देव नाहीं. तेथें रोग आहे, साथ आहे. 'आमोर' हा शब्द तेथें येतो, परंतु खालीं ठेवावयाच्या ओझ्यासारखा, कर्म म्हणून. कर्ता म्हणून नव्हे. दुःख खरें झालें कीं देव दिसेनासा होतो, असें कातुल्लुसापुरतें तरी म्हणतां येईल.

प्रोपर्तियुस याच्या बाबतींत नेमकें उलट आहे, आणि म्हणून तो प्रस्तुत लेखकास या सर्व कवींत अधिक खोल वाटतो. त्याचें पहिलें पुस्तक ख्रि. पू. ३० नंतर लवकरच प्रसिद्ध झालें. त्यांतील पहिल्याच कवितेच्या आरंभीं तो सांगतो, कीं पूर्वीं ज्यास कोणत्याही 'कुपीदों'चा स्पर्श झाला नव्हता, अशा मला किंथिया हिनें आपल्या नेत्रांनीं पकडलें. नंतर आमोरानें माझी ताठ नजर खालीं वांकविली आणि माझ्या मस्तकावर पाय देऊन तें दाबून धरलें. त्या अनेकवचनी शब्दानें वासना समजाव्या कीं पंखांचीं पोरें समजावीं, यावर संपादकांचे मतभेद आहेत. परंतु खरें मर्म पुढें आहे. हा प्रसंग प्रोपर्तियुसानें मेलेआग्रोस या ग्रीक कवीच्या एका लहान कवितेवरून घेतला, हें विद्वानांस पूर्वींच ठाऊक आहे. ग्रीक कवितेंत प्रेमपात्र स्वतःच डोळ्यांनीं बाण मारतें आणि प्रेमपात्रच कवीच्या अभिमानावर पाय ठेवितें. लॅटिन कवीनें कर्ता बदलला. पकडणारी किंथिया, तुडविणारा आमोर. कवितेच्या मध्यावर माणसाकडून देवाकडे कर्तृत्व सरकलें आहे, आणि तें एवढ्या सहजतेनें कीं मूळ ग्रीक कविता शेजारीं नसती तर कोणास कळलेंही नसतें. किंथियेस दोष देतां येत नाहीं, स्वतःस दोष द्यावयाचा नाहीं. मग मस्तकावर कोणाचें तरी पाऊल हवें.

याच कवीची दुसऱ्या पुस्तकांतील एक कविता आमोराच्या चित्राविषयीं आहे. ज्यानें प्रथम प्रेमास बालकाच्या रूपानें रंगविलें त्याचे हात धन्य होत, असें म्हणून तो एकेका लक्षणाचा उलगडा करितो. बालक कां? प्रेमी माणसांस पोच नसतो म्हणून. पंख कां? आपण लाटांवर हेलकावतों व आपला वारा एका ठिकाणीं टिकत नाहीं म्हणून. आंकडेदार बाण कां? शत्रु दिसण्यापूर्वींच घाव बसतो व त्या घावांतून कोणी बरा होत नाहीं म्हणून. येथवर सर्व शाळेच्या निबंधासारखें आहे, आणि तें तसें असण्यास कारणही आहे. क्विंतिलियान हा रोमचा प्रख्यात शिक्षक पुढें शंभर वर्षांनीं लिहितांना आपल्या लहानपणची आठवण सांगतो, कीं आमचे गुरुजी आम्हांस असे विषय देत: कुपीदो बालक, पंखयुक्त, बाण व मशाल घेतलेला कां मानितात? म्हणजे हा वर्गांत मुलांस घालावयाचा ठराविक प्रश्न होता. आमच्या वेळीं 'कमळ हें लक्ष्मीचें आसन कां?' अशा तऱ्हेचे प्रश्न असत; उत्तरें सर्वांचीं सारखीं येत व तपासतांना झोंप येई. ग्रीक विनोदी नाटककार एउबुलोस यानें चवथ्या शतकांतच या चित्रकाराची थट्टा केलेली होती: त्या माणसास पाकोळ्यांखेरीज कांहीं काढतां येत नसावें, नाहीं तर इतक्या जड देवास पंख कोण देईल?

प्रोपर्तियुस चित्रकाराची स्तुति करितो आणि मग एकाएकीं निबंध सोडून देतो. माझ्यांत बाण आहेत, बालकाची मूर्तिही आहे, पण या देवाचे पंख खास गळून पडले आहेत. कारण तो माझ्या उरांतून कोठेंही उडून जात नाहीं व माझ्या रक्तांत त्याची लढाई अखंड चालू आहे. या माझ्या वाळलेल्या हाडांत राहून तुला काय सुख? तूं मारतोस तो मी नव्हे, माझी सावली आहे. तीही मारलीस तर तिचें मस्तक, तिचीं बोटें, तिचे काळे डोळे, तिचीं हळुवार पावलें यांचें गाणें कोण गाईल? येथें आमोर मोठ्या अक्षरानें छापावा कीं लहान? पंख असतांना तो देव होता. पंख गळून रक्तांत उतरल्यावर तो रोग झाला. एकाच कवितेंत, तेंही दहाबारा ओळींत, हें संक्रमण घडतें. संपादकास कोठें तरी एक अक्षर निवडावें लागतें. कवीस तें निवडावें लागलें नाहीं, आणि कवितेचें सर्व सामर्थ्य त्या न निवडण्यांत आहे.

याच माणसास विनोदही येत असे. दुसऱ्या एका कवितेंत तो रात्रीं पिऊन एकटाच भटकत असतां नागड्या पोरांची एक टोळी त्यास गांठते. कोणाच्या हातीं मशाली, कोणाच्या हातीं बाण, कांहींच्या हातीं बेड्या. 'हाच तो! याला आपण ओळखतों, त्या रागावलेल्या बाईनें याच्याच नांवाची कामगिरी आपल्याकडे दिली आहे', असें म्हणत तीं पोरें त्याच्या गळ्यांत फांस अडकवून त्यास किंथियेच्या दारीं आणून सोडतात. पहारेकऱ्यांनीं चुकार आरोपीस धरून आणावें तसा हा प्रकार. आरोपीनें स्वतः चालत यावयाचें नाहीं, हाच त्यांतला मुद्दा.

तिबुल्लुस (मृत्यु ख्रि. पू. १९) हा सौम्य प्रकृतीचा कवि. त्याचा कुपीदो शेतांत, गुराढोरांत व माजावर आलेल्या घोड्यांत जन्मला; तेथेंच त्यानें कच्च्या हातानें बाण मारण्याचा सराव केला आणि मग माणसांकडे वळला. खेड्यांतील सणास कवि त्याला पंगतीस बोलावितो, परंतु बाण खालीं ठेवून ये व मशाली दूर लपव, अशी अट घालतो. वर्जिलाच्या महाकाव्यांतील कुपीदो मात्र भयंकर आहे. आईच्या सांगण्यावरून तो पंख काढून ठेवितो, ईनिअसाचा मुलगा आस्कानियुस याचें रूप घेतो, त्याच्यासारखें चालून दाखवितो, आणि कार्थेजच्या राणीच्या मांडीवर जाऊन बसतो. दीदो त्यास कुरवाळते. मांडीवर कोण बसला आहे हें त्या अभागिनीस ठाऊक नसतें. खऱ्या मुलास तोंवर वेनुसनें दूर एका उपवनांत निजविलेलें असतें. पंख काढलेला देव आणि पोटच्या पोरासारखा दिसणारा पाहुणा यांत बाहेरून फरक कांहींच नाहीं. चौथ्या सर्गांत दीदो मरते. तिच्या मरणाचा जाब त्या मुलास कोणी विचारीत नाहीं.

या सर्वांचा वारस ओविद, जन्म ख्रि. पू. ४३. 'प्रणय' याच अर्थाच्या नांवाच्या आपल्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभीं तो म्हणतो, कीं मी शस्त्रें व युद्धें यांवर भारदस्त वृत्तांत लिहावयास बसलों होतों. इतक्यांत कुपीदो हंसला आणि त्यानें माझ्या दुसऱ्या ओळींतून एक पाय चोरला. ही कोटी कळण्यास छंदःशास्त्राची थोडी माहिती हवी. लॅटिनमध्यें ज्यास 'पेस' म्हणतात तो आपल्या गणासारखा ओळीचा तुकडा. शब्दाचा अर्थ पाऊल, आणि व्युत्पत्तीनें तो आपल्या 'पद्' याचाच भाऊ. वीरकाव्याची प्रत्येक ओळ सहा पावलांची. प्रणयकाव्यांत एक सहाची व दुसरी पांचाची. एक पाऊल चोरीस गेलें कीं वीरकाव्याचें प्रणयकाव्य झालें! प्रोपर्तियुसाच्या आमोरानें मस्तकावर पावलें ठेविलीं, ओविदाच्या आमोरानें पाऊल पळविलें; ओविदानें हा टोला समजूनउमजून मारला असावा. कवि तक्रार करितो, कीं काव्यावर तुझा अधिकार काय, आणि मला वर्णन करण्यास कोणी प्रेमपात्रही नाहीं. देव भात्यांतून एक बाण काढून सोडतो: घे विषय. म्हणजे येथें आधीं वृत्त, मग देव, आणि सर्वांत शेवटीं प्रेम. प्रोपर्तियुसाच्या दुःखाचा हा सांगाडाच झाला. कांहीं टीकाकार ओविदास यासाठीं उथळ म्हणतात. प्रस्तुत लेखकास तसें वाटत नाहीं. पण त्याचें कारण त्याच्या उत्तरायुष्यांत आहे.

पुढच्याच कवितेंत आमोराची विजययात्रा आहे. रोमन सेनापति जय मिळवून आला म्हणजे रथांत बसून, बंदिवानांस पुढें घालून, कापितोल टेकडीवरील युपितराच्या मंदिराकडे मिरवत जाई. आमोराच्या रथास आईचीं कबुतरें जुंपलीं आहेत. पकडलेले तरुण व तरुणी चालल्या आहेत. लाडीगोडी, भ्रांति व उन्माद हे त्याचे शिपाई. आणि हात पाठीशीं बांधलेली एक बंदिवान स्त्री आहे, तिचें नांव मेन्स बोना, सद्बुद्धि. तिच्यामागें लज्जा. कृष्णमिश्राच्या 'प्रबोधचंद्रोदय' नाटकांत विवेक, काम, रति इत्यादि पात्रें रंगभूमीवर आलेलीं ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांस ही मिरवणूक ओळखीची वाटेल. परंतु रोमन वाचकास यांत आणखी एक गोष्ट दिसली असली पाहिजे. मेन्स ही नुसती कल्पना नव्हे. हानिबालाच्या स्वारींत त्रासिमेन सरोवराजवळ रोमन सैन्याची कत्तल झाली, तेव्हां ख्रि. पू. २१७ मध्यें राष्ट्राची बुद्धि ठिकाणावर राहावी म्हणून तिच्या देवळाचा नवस केला गेला व दोन वर्षांनीं तें अर्पण झालें. तें कापितोलवरच होतें. आणि त्याच वेळीं नवसिलेलें, मध्यें केवळ एका नालीचें अंतर ठेवून बांधलेलें शेजारचें देऊळ वेनुसचें होतें, असें इतिहासकार लिवी सांगतो. विजययात्रेचा शेवट कापितोलवर व्हावयाचा. म्हणजे हात बांधलेल्या सद्बुद्धीस आमोर तिच्याच घरासमोर, स्वतःच्या आईच्या दारीं, नेऊन उभी करणार! ओविदानें हें स्पष्ट म्हटलेलें नाहीं. हें अनुमान प्रस्तुत लेखकाचें आहे. कवितेच्या अखेरीस कवि आमोरास विनवितो, कीं तुझा नातलग सीझर याच्याकडे पाहा; तो ज्या हातानें जिंकतो त्याच हातानें जिंकलेल्यांस राखतो.

नातें खरें होतें, म्हणजे तसें सांगत असत. ईनिअस हा वेनुसचा पुत्र, ईनिअसाचा पुत्र युलुस, त्यापासून युलियुस वंश, त्या वंशांतील युलियुस सीझर, आणि त्याचा दत्तक पुत्र सम्राट ऑगस्टस. आमोर हा ईनिअसाचा सावत्र भाऊ. प्रेमाच्या देवास सम्राटाच्या वंशावळींत जागा होती, व तींत थट्टा दडलेली होती. ऑगस्टसास ही थट्टा रुचण्यासारखी नव्हती. ख्रि. पू. १८ च्या सुमारास त्यानें व्यभिचार हा सार्वजनिक गुन्हा ठरविणारा कायदा केला होता. 'आमोरानें मला लोटलें' ही प्लाउतुसाच्या तरुणाची सबब आतां न्यायासनापुढें उभी राहणार होती.

अशा काळांत, ख्रिस्तशकाच्या आरंभाच्या आगेंमागें, ओविदानें 'प्रणयकला' लिहिली. तींत तो आपणांस आमोराचा गुरु म्हणवितो. आमोर रानटी आहे, वारंवार झगडतो. पण तो पोर आहे, शिकविण्याच्या वयाचा आहे. खिरोन या नराश्वानें लहान अखिल्लेसास वीणा शिकविली. पुढें हेक्तोरावर पडावयाचे हात त्यानें गुरूच्या आज्ञेवरून छडीसाठीं पुढें केले. तसा मी या पोराचा पंतोजी. साऱ्या आयुष्यांत हातांत छडी धरलेल्या माणसास या उपमेचें हंसूं येतें व थोडी भीतिही वाटते. कारण गुरु म्हणविलें कीं कर्तृत्व पत्करलें. आजवर 'देवानें मला केलें' म्हणणाऱ्या कवींच्या परंपरेंत हा पहिला मोठा कवि म्हणतो, कीं देवाला मी शिकवितों. इ. स. ८ मध्यें त्यास काळ्या समुद्राच्या कांठीं तोमिस येथें, आजच्या रुमानियांतील कोन्स्तांत्सा या शहराच्या जागीं, पाठवून देण्यांत आलें. कारणें दोन, असें तो स्वतः म्हणतो: एक काव्य आणि एक चूक. काव्य म्हणजे 'प्रणयकला'. चूक कोणती, तें त्यानें अखेरपर्यंत सांगितलें नाहीं.

तेथून पाठविलेल्या पद्यपत्रांपैकीं एक फाबियुस मॅक्सिमुस या वजनदार गृहस्थास लिहिलेलें आहे. रात्रीची वेळ, खिडकींतून चांदणें आलेलें. कवि झोंपला आहे. खोलींत कोणी आल्याचा भास होऊन तो उठतो. समोर आमोर उभा. मुद्रा पूर्वींची नाहीं. गळ्यांत हार नाहीं, केस विस्कटलेले, पिसें मळून ताठरलेलीं, एक हात पलंगाच्या लांकडी दांडीवर. कवि त्यास ओळखतो आणि बोलूं लागतो. तूंच मला हीं तरुणपणचीं काव्यें सांगितलींस, तूंच वीरकाव्यापासून मला परतविलेंस. अखिल्लेसानें खिरोनाला अशी गुरुदक्षिणा दिली नाहीं. पिथागोरासाला नुमाकडून इजा पोंचली नाहीं. स्वतःच्या शिष्याच्या हातून बुडालेला गुरु मी एकटाच. मग तो विजययात्रेच्या कवितेंतील तेंच नातें पुन्हां काढतो. ईनिअस तुझा भाऊ, त्या नात्यानें सीझर तुझा. त्याचा कोप माझ्यावर कायम राहूं नये असें कर. पंचवीसतीस वर्षांपूर्वीं जी थट्टा होती, तीच आतां अर्ज झाली आहे.

आमोर शपथ घेतो: आपल्या मशालींची, आपल्या बाणांची, आईची, आणि सीझरच्या मस्तकाची. तुझ्या 'कले'त मी कायद्याविरुद्ध कांहीं शिकलों नाहीं, असें तो सांगतो. साक्ष पुरी अनुकूल आहे. पण लगेच पुढें तोच म्हणतो, कीं याचा बचाव करतां येतो तसा बाकीच्याचाही करतां आला असता तर किती बरें झालें असतें. तुला अधिक नडलें तें दुसरेंच आहे, आणि तें तुला ठाऊक आहे. इतकीं वर्षें रोमच्या कवींनीं जो जो दोष अंगावर टाकला तो तो निमूटपणें वाहणाऱ्या देवानें येथें एक दोष उचलून ज्याचा त्यास परत केला. सम्राटाचा राग निवळेल असा दिलासा देऊन तो जातो. विरळ हवेंत विरला कीं आपली इंद्रियें जागीं झालीं, हें कवीस सांगतां येत नाहीं. ऑगस्टस इ. स. १४ मध्यें वारला. ओविदास परत बोलावणें आलें नाहीं, व तीनचार वर्षांनीं तो तोमिस येथेंच मरण पावला.

या पत्रांतील आमोर मोठ्या अक्षरानें छापावा कीं लहान, याबद्दल शंका घेण्यास जागाच नाहीं. त्यानें पलंगाची दांडी हातांत धरलेली आहे.